निसर्गाची सत्ता आणि सुरक्षित अंतर

मराठी समीक्षेत एक गृहीत फार जुने आहे. निसर्गापुढे सगळी माणसे सारखीच लहान असतात, म्हणून निसर्गकविता ही सर्वांची कविता असते, असे ते गृहीत. जात, वर्ग, धर्म हे माणसांनी पाडलेले भेद. डोंगर, पाऊस, वादळ यांना ते ठाऊक नसतात. तेव्हा कवी डोंगरापुढे नतमस्तक होतो तेव्हा तो 'माणूस' म्हणून होतो, अमुक जातीचा म्हणून नव्हे, असे आम्हाला वर्षानुवर्षे शिकविण्यात आले. मीही धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वर्डस्वर्थ आणि शेली शिकवीत आलो. शिकविताना मनात एक शंका नेहमी राहिली. निसर्गाची सत्ता सर्वांवर चालते हे खरे. पण ती सर्वांपर्यंत सारख्याच वाटेने पोचते काय?

ही शंका उपरी नाही. रोमँटिक कवितेच्या मुळाशी जे सौंदर्यशास्त्र आहे त्यातच तिचे बीज आहे. एडमंड बर्कने १७५७ मध्ये भव्यतेविषयी लिहिताना सांगितले की भय आणि वेदना यांतून आनंद मिळू शकतो, परंतु ती काही अंतरावर असली पाहिजेत. कांटने १७९० मध्ये हेच अधिक नेमकेपणाने मांडले. माथ्यावर झुकलेले कडे, गडगडणारे मेघ, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र ही दृश्ये जितकी भीषण तितकी आकर्षक. अट एवढीच की पाहणारा सुरक्षित जागी उभा असावा. समीक्षकांनी या विधानातली भीषणता उचलली, भव्यता उचलली, अटीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते सगळा प्रश्न त्या अटीतच आहे. सुरक्षित जागा कोणाला मिळते, आणि ती कोण वाटून देतो?

कांटच्या त्याच ग्रंथात एक शेतकरी येऊन जातो. सॅव्हॉय प्रांतातला, आल्प्सच्या पायथ्याशी राहणारा. बर्फाच्या डोंगरांवर भाळणाऱ्या लोकांना तो सरळ मूर्ख म्हणतो. कांट त्याला भला आणि समजूतदार म्हणतो खरा, पण संस्काराअभावी माणसाला भव्य ते केवळ भयंकर वाटते, याचे उदाहरण म्हणूनच त्याला उभे करतो. मला या शेतकऱ्याविषयी फार आपुलकी वाटते. संस्कार नसल्यामुळे नव्हे, हिशेब ठाऊक असल्यामुळे तो तसे म्हणत होता. हिमकडा कोसळला तर कोणाचे घर जाते हे त्याला माहीत होते. डोंगर पाहायला आलेल्या पाहुण्याला ते माहीत असण्याचे कारण नव्हते.

आता आपल्याकडे वळू. इंग्रजी रोमँटिक कविता मराठीत आली ती विद्यापीठाच्या वाटेने. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, पालग्रेव्हची 'गोल्डन ट्रेझरी' १८६१ मध्ये निघाली आणि पुढे ती आपल्या शिकलेल्या पिढीच्या हाती पडली. केशवसुतांच्या (१८६६–१९०५) कवितेवर तिचा ठसा आहे हे सर्वमान्य आहे. पण केशवसुतांनी निसर्गाबरोबर माणसाची बंडखोरीही उचलली. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता त्यांनी लिहिली, हे त्यांच्या निसर्गकवितेचे गुण गाताना विसरता येत नाही. नंतरच्या कवींनी मात्र यातला प्रश्न गाळला आणि निसर्ग ठेवला.

बालकवी हे या ठेवलेल्या निसर्गाचे सर्वांत मोठे नाव. १८९० मध्ये धरणगावी जन्मले, १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. अवघे सत्तावीस वर्षांचे आयुष्य. 'औदुंबर'मधला झरा आणि डोह यांचे पाणी कोण पीत होते, त्या पायवाटेने कोणाला जाता येत होते, असे प्रश्न आमच्यातले काही तरुण समीक्षक त्यांना विचारतात. तसे विचारणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही आहे. आठ ओळींच्या कवितेवर जनगणनेचा तक्ता लादून काही हाती लागत नाही.

पण 'पारवा' या कवितेशी मला थांबावे लागते. इथे 'फुलराणी'तला लग्नसोहळा नाही. पडकी धर्मशाळा आहे, खचलेली भिंत आहे आणि तिथे एकटा घुमणारा पारवा आहे. माणसाने बांधलेले निसर्गाने हळूहळू परत घेतले आहे. कवीचे दुःख खरे आहे आणि ते वाचकापर्यंत पोचते. माझ्यापर्यंतही पोचले. मात्र 'धर्मशाळा' या शब्दापाशी आमचा वाचक अडखळतो, आणि त्याचे अडखळणे रसिकतेचा अभाव नव्हे. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला तो ऑगस्ट १९२३ मध्ये, म्हणजे बालकवी गेल्यानंतर पाच वर्षांनी. अंमलबजावणीचे काय झाले ते १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर दिसले. आणि आमचा जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात; मुंबईच्या ठरावाचा इथे संबंधच नव्हता. तेव्हा ज्या धर्मशाळेत आम्हाला कधी टेकता आले नाही, ती पडली म्हणून आम्ही कोणत्या नात्याने हळहळावे? पारव्याशी आमचे नाते जुळते. धर्मशाळेशी जुळवावे लागते.

पडक्या वास्तूवरून वर्डस्वर्थची मार्गारेट आठवते. 'द रुइन्ड कॉटेज' ही कथा त्याने १७९० च्या दशकात रचली आणि १८१४ मध्ये 'द एक्स्कर्शन'च्या पहिल्या भागात ती छापून आली. मला ती त्याच्या साऱ्या निसर्गकवितेहून मोलाची वाटते. मार्गारेटचा नवरा विणकर. लागोपाठ दोन वर्षे पीक बुडते, वर युद्ध, मग महागाई. तो आजारी पडतो, काम सुटते, आणि एक दिवस पैशासाठी सैन्यात नाव घालून न सांगता निघून जातो. ती वाट पाहत राहते. बाग तणाने भरते, छप्पर गळते, मूल जाते, शेवटी तीही जाते. निसर्गाची सत्ता इथे वीज होऊन कोसळत नाही. ती तण होऊन अंगणात शिरते. मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एक पाऊस चुकला, दुसरा चुकला, की घर असेच आतून पोखरत जाते. नवरा सैन्याऐवजी मुंबईला जातो किंवा कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर, एवढाच फरक.

परंतु ही गोष्ट सांगणारा म्हातारा फेरीवाला शेवटी काय करतो? भिंतीवरच्या गवताकडे, त्यावरच्या दवाकडे पाहून त्याचे मन शांत होते. ते दृश्य इतके निवांत आहे की दुःख हे स्वप्नासारखे वाटू लागते, असे तो सांगतो आणि समाधानाने पुढे चालू लागतो. इथे मी वर्डस्वर्थपासून वेगळा होतो. ज्या निसर्गाने, आणि निसर्गापेक्षाही ज्या युद्धाने व बाजाराने, मार्गारेटला मारले, त्याच निसर्गाचे गवत तिच्या मरणावरचे औषध म्हणून वाचकाला दिले जाते. फेरीवाला निघून जाऊ शकतो. त्याचे घर ते नव्हे. हेच ते सुरक्षित अंतर.

१९७२ चा दुष्काळ मी कळत्या वयात पाहिला. उस्मानाबाद जिल्ह्यात तेव्हा लातूरही होते. सह्याद्रीने अडविलेला पाऊस, त्याचे उरलेसुरले आमच्या वाट्याला. बालाघाटाच्या या उंचवट्यावर पडलेले तेही इथे ठरत नाही, अर्धे सीना-भीमेकडून कृष्णेला जाते, अर्धे तेरणा-मांजरेवाटे गोदावरीला. त्या वर्षी जायलाही काही नव्हते. दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती. खडी फोडायला पाटलाच्या घरच्या बायाही आल्या आणि आमच्याही. सुकडी एकाच ढिगातली, मिलोची लाल भाकरी एकाच धान्याची. निसर्गाने सर्वांना एका रांगेत बसविले, असे पुष्कळांनी लिहिले. रांग एक होती हे मी नाकारीत नाही. पाण्याचे रांजण मात्र मी पाहिलेल्या कामावर दोन होते. ऊन कोणी वाटून दिले नव्हते. पाणी वाटून दिले होते.

आणि धोंडी. पाऊस लांबला की अंगाला लिंबाचा पाला बांधून एका पोराला दारोदार फिरवीत, डोक्यावर पाटा आणि पाट्याला बेडूक बांधलेला, घराघरातल्या बाया त्याच्यावर तांब्याने पाणी ओतीत. माझ्या गावात ते पोर महारवाड्यातले नाही तर मांगवाड्यातले असे. एरवी ज्याच्या ओंजळीत वरून, अंतर राखून पाणी सोडायचे, त्याच्या डोक्यावर त्या दिवशी घागर रिकामी होई. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी धोंडीची गाणी गोळा केली, विधीचे प्राचीनत्व सांगितले. पण गावाने निसर्गाच्या सत्तेशी बोलणी करायला कोणाला पुढे पाठविले, हे फारसे कोणी विचारले नाही. पटकी आली की मरीआईपुढे पोतराजाने आसूड ओढून घ्यायचा, पाऊस गेला की आमच्या पोराने ओले व्हायचे. निसर्ग आणि गाव यांच्या मध्ये आमचे अंग उभे केलेले होते. बर्क आणि कांट ज्याला सुरक्षित अंतर म्हणतात ते आमच्याकडे मोकळे मैदान नव्हते. ते अंतर म्हणजे आम्हीच होतो.

हेच दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. रोमँटिक कवीला सावली प्रिय. पण पेशवाईत अस्पृश्याची सावली अंगावर पडून विटाळ होऊ नये म्हणून हिंदू येत असताना त्याला सार्वजनिक रस्त्याने चालण्यास मनाई होती, हे डॉ. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदविले आहे. सूर्य आणि देह यांच्यातून जे आपोआप निर्माण होते, ज्यात माणसाचा हात नाही, त्या सावलीलाही जात चिकटली. कोलरिजचा खलाशी समुद्राच्या मधोमध तहानेने कोरडा पडतो, कारण पाणी खारे आहे. चवदार तळ्याचे पाणी गोड होते. तिथे तहान कशामुळे राहिली होती? निसर्गाची सत्ता कुठे संपते आणि माणसाची कुठे सुरू होते ही रेघ कवितेत पुसट असली तरी चालते. पाणवठ्यावर ती फार स्पष्ट असते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आमच्या बाजूला, आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर फार बसले. मारले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने. कुडाची, छपराची हलकी घरे त्या मानाने तगली. ज्या भिंती म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा, त्याच अंगावर आल्या. हा निसर्गाचा न्याय, असे काही जण दबक्या आवाजात म्हणाले. मला ते बोलणे कधी आवडले नाही. १९३४ मध्ये बिहारचा भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, असे गांधीजी म्हणाले होते, आणि रवींद्रनाथांनी त्यांना विरोध केला. भौतिक उत्पाताचे कारण भौतिकच असते, त्यात नीतीचा निवाडा शोधू नये, असे त्यांचे म्हणणे होते. रवींद्रनाथ स्वतः रोमँटिक परंपरेतले थोर कवी. निसर्गात चैतन्य पाहणारे. तरीही इथे त्यांनी बुद्धीची बाजू घेतली. आम्ही त्यांच्या बाजूचे असले पाहिजे. आमच्या शत्रूचे घर पडले तरी. जो निसर्ग आज आमच्या बाजूने निवाडा करतो, तो उद्या पूर्वजन्मीच्या कर्माचाही साक्षीदार म्हणून उभा केला जाईल, आणि कर्माच्या त्या न्यायालयात आम्ही दोन हजार वर्षे आरोपी होतो.

भूकंपानंतरचा जो मजकूर मला कोणत्याही शोककवितेहून बोलका वाटतो, तो पुनर्वसनाचा. बावन्न गावे नव्या जागी हलविण्यात आली. नव्या घरांचे तीन आकार ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणते, हे पडलेल्या घरावरून किंवा घरातल्या माणसांवरून ठरले नाही, जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचे शेतकरी यांना सर्वांत लहान, सात हेक्टरांच्या वर असणाऱ्यांना सर्वांत मोठे. जमीन हलली ती सर्वांखाली सारखी. मग सातबारा उघडला आणि जुना गाव पुन्हा नव्या मापात मोजून दिला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांच्या नावावर ती का नव्हती, हा इतिहास भूगर्भशास्त्राचा नव्हे. याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले होते. वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि त्या बदल्यात गावाची राबणूक. भूकंप त्या कागदांना धक्का लावू शकला नाही.

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोलली आहे, तो हलला की भूकंप होतो, ही पुराणातली कल्पना. अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ च्या मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात ती उलथून टाकली आणि हा भार दलितांच्या व श्रमिकांच्या तळहातावर आहे असे सांगितले. हे वाक्य आमच्या व्यासपीठांवर इतके वापरले गेले की त्यातली निसर्गविषयक जाण झाकून गेली. अण्णा भाऊ निसर्ग नाकारीत नाहीत. निसर्ग आणि माणूस यांच्यामध्ये श्रम असतो हे ते दाखवितात. 'फकिरा'त (१९५९) दुष्काळ येतो तेव्हा फकिरा आकाशाकडे पाहून काव्य करीत नाही. धान्य कुठे साठले आहे ते पाहतो. दया पवारांच्या धरणावरच्या गाण्यातली बाई पाण्याला अडविणारी भिंत स्वतः बांधते, आणि ते पाणी तिच्या घशाशी येत नाही. तेरणेवर माकणीला धरण झाले. त्याच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध होता की नव्हता यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. पण ते ज्यांच्या हातांनी बांधले त्यांच्यापैकी किती जणांच्या रानात पाणी गेले, यावर तसा वाद झाल्याचे मला आठवत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग रोमँटिक कविता आम्ही सोडूनच द्यावी. आमच्या चळवळीतल्या समीक्षेने जवळजवळ हाच निकाल दिला होता. निसर्गकविता म्हणजे पलायनवाद, मध्यमवर्गीय स्वप्नरंजन, असे शिक्के मारून आम्ही मोकळे झालो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा तो निकाल आवश्यकही वाटत होता. डोंगर-झऱ्यांच्या गर्दीत महानगराच्या गटाराला जागा करून द्यायची होती. ती जागा झाली. आता तो शिक्का पुसला पाहिजे असे मला वाटते, कारण त्याने आमचेच नुकसान होते. सूर्य हे आमच्या कवितेचे सर्वांत मोठे प्रतीक आहे आणि तो सूर्य बाबासाहेब आहेत. सत्तेपुढे झुकण्यासाठी नव्हे, अंधार मोडण्यासाठी निसर्गाची शक्ती उसनी घेणे ही युक्ती मराठीत आम्ही वापरली. इंग्रजीत ती शेलीने आधी वापरली होती.

१८१६ साल घ्या. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या राखेने आकाश झाकले आणि युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, उपासमार झाली. त्या थंड, पावसाळी महिन्यांत शेली आणि बायरन जिनिव्हाजवळ राहत होते. कारण दोघांनाही ठाऊक नव्हते. शेलीने 'माँ ब्लाँ' लिहिली, त्याच सॅव्हॉयच्या पर्वतावर. त्यात हिमनदी माणसांच्या वस्त्या गिळीत खाली सरकते. भय आहे, अंतरही आहे. कवी दरीवरच्या पुलावरून पाहतो आहे. पण याच कवितेत शेली त्या पर्वताला एक आवाज देतो, आणि तो आवाज कपटाचे व दुःखाचे मोठमोठे कायदे रद्द करण्याच्या ताकदीचा आहे असे म्हणतो. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांना ही जागा परकी वाटण्याचे कारण नाही. शास्त्रे म्हणतात की समाजरचना निसर्गासारखी अटळ आहे. शेली म्हणतो, निसर्गाला नीट ऐका. तो तुमच्या रचनेची ग्वाही देत नाही.

बायरनची 'डार्कनेस' त्याहून कठोर. सूर्य विझला आहे. उजेडासाठी माणसे राजांची सिंहासने, महाल आणि गरिबांच्या झोपड्या सारख्याच जाळतात. शेवटी एका शहरात दोन माणसे उरतात, ती एकमेकांचे वैरी. देवळातल्या वेदीजवळचा निखारा फुंकून ती ज्योत पेटवितात, त्या उजेडात एकमेकांचे चेहरे पाहतात आणि त्या भीषण दर्शनानेच मरतात. या कवितेत सुरक्षित जागाच उरत नाही, म्हणून कांटची अट इथे मोडते. आणि अट मोडली की भव्यतेचा आनंदही जातो. बायरन तो आनंद वाचकाला देत नाही, गवत-दवाचे औषधही देत नाही. प्रस्थापित समीक्षेने रोमँटिक परंपरा सांगताना ही कविता बहुधा मागे ठेवली. आमच्या अभ्यासक्रमात 'डॅफोडिल्स' असे, 'डार्कनेस' नसे.

जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, त्र्याण्णवावे, उस्मानाबादेत भरले. नगरीला तेरच्या गोरोबाकाकांचे नाव होते. अध्यक्ष वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर. दोघेही आज हयात नाहीत. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) मी अनेकदा वाचल्या आहेत. बालकवींनंतर मराठी निसर्गकवितेत खरा फरक त्यांनी केला. त्यांचे रान पाहण्याचे नाही, कसण्याचे आहे. पाऊस लांबला तर कवीचे पोट अडते. म्हणून तिथे कांटचे अंतर पुष्कळ कमी होते. तरी ते पुरते मिटत नाही, कारण रान कवीच्या नावावर आहे. बांधाच्या त्या बाजूला रोजाने येणारी बाई त्या कवितेत दिसते, गाते, सुंदरही दिसते. पाऊस पडला नाही तर ती कुठे जाईल, हे त्या कवितेला सांगता आले नाही. ते सांगणाऱ्या ओळी लिहिल्या गेल्या, पण पुष्कळदा जात्यावर, आणि खडीच्या ढिगाऱ्यावर. त्यांची वही कोणाजवळ नाही. गोरोबांची कथा सर्वांना ठाऊक आहे: चिखल तुडविताना नामात दंग झालेल्या त्या कुंभाराच्या पायाखाली लेकरू आले. आमच्या कीर्तनकारांनी त्यात भक्तीची परिसीमा पाहिली. शेजारच्या मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून मेले, असे परंपरा सांगते. एकीकडे माती आणि दुसरीकडे भिंत. किल्लारीला या दोन्ही एका रात्रीत अंगावर आल्या, आणि आमच्या जिल्ह्याची निसर्गकविता जर कोणी लिहिणार असेल तर तिला त्या ढिगाऱ्यातून सुरुवात करावी लागेल, कड्यावरून नव्हे.